अकराव्या तासाला उभी असलेली माणसे

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दृष्टांत आपणांस बालपणापासून परिचित आहे. शब्बाथ शाळेत आपण तो ऐकला, उपासनेत त्यावरील उपदेश ऐकले, आणि आपल्यापैकी काहींनी त्यावर उपदेश केलेही असतील. बहुतेक वेळा आपले लक्ष दृष्टांताच्या शेवटाकडे असते. शेवटी आलेल्याला पहिल्याइतकेच वेतन मिळते, पहिला कुरकुर करतो आणि धनी त्याला उत्तर देतो. देवाची कृपा कमाईच्या हिशोबाने मिळत नसते, हा बोध आपण घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु आज तुम्ही माझ्याबरोबर दृष्टांताच्या मध्यावर, बाजारातील एका प्रसंगापाशी थांबावे, अशी माझी विनंती आहे.

त्या काळी दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत. तेव्हा अकरावा तास म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे सुमारे पाच. तासाभरात दिवस मावळणार. अशा वेळी द्राक्षमळ्याचा धनी पुन्हा बाजारात जातो आणि तिथे काही माणसे उभी असलेली त्याला दिसतात. सारा दिवस तुम्ही इथे कामाविना का उभे आहात, असे तो त्यांना विचारतो. त्यांचे उत्तर अगदी लहान आहे. आपल्याला कोणी कामाला घेतले नाही, एवढेच ते सांगतात.

या उत्तराकडे आपण क्वचितच लक्ष दिले आहे. मी तर अनेक वर्षे दिले नव्हते.

एका शब्दाची गोष्ट

माझे आयुष्य शास्त्राच्या भाषांतराच्या कामात गेले. भाषांतराचा मसुदा तयार झाला की तो निरनिराळ्या गावांत नेऊन सामान्य वाचकांना वाचून दाखवावयाचा, त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावयाचे आणि मग शब्द पक्के करावयाचे, अशी आमची पद्धत आहे. काही वर्षांपूर्वी सोप्या मराठीतील अशा एका मसुद्यात हा दृष्टांत माझ्याकडे होता. बाजारात उभ्या असलेल्या माणसांसाठी मूळ ग्रीकमध्ये ‘आर्गोस’ हा शब्द आहे. ‘एर्गोन’ म्हणजे काम, आणि ‘आर्गोस’ म्हणजे ज्याच्याजवळ काम नाही असा. हाच शब्द तीताच्या पत्रात क्रेतीय लोकांविषयी येतो, आणि तिथे त्याचा अर्थ निःसंशय ‘आळशी’ असाच आहे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात तो व्यर्थ बोलण्यासाठी वापरलेला आहे. शब्दकोशात दोन्ही छटा आहेत. मी आपला सोपा शब्द निवडला आणि मसुद्यात ‘आळशी’ असे लिहिले.

एका खेड्यातील महिला मंडळात मी तो भाग वाचून दाखवला. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर पंधरा-वीस स्त्रिया बसल्या होत्या. त्यांच्यात साठी ओलांडलेली एक बाई होती. तरुणपणी तिने शहरात गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून अनेक वर्षे काम केले होते. वाचन संपल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारले की, कुठला शब्द खटकला का? ती म्हणाली, “सर, आळशी माणूस दिस मावळंपर्यंत नाक्यावर उभा ऱ्हाईल का? तो कवाच घरी जाऊन झोपला असता.”

बाकीच्या स्त्रिया हसल्या. ती मात्र हसली नाही. मजूर नाक्यावर सकाळी काय घडते, ते तिने मग सांगितले. आठ वाजेपर्यंत तरणेबांड गडी उचलले जातात. नऊपर्यंत गवंडी आपल्या ओळखीच्या बिगाऱ्यांना घेऊन जातात. मग उरतात म्हातारे, आजारातून उठलेले आणि कडेवर मूल असलेल्या बाया. दहानंतर कोणी येणार नाही हे ठाऊक असते, तरी माणूस उभाच राहतो, कारण रिकाम्या हाताने घरी जाण्याचे धैर्य होत नाही. घमेले पालथे घालून त्यावर बसले तरी दमेकरी समजून कोणी नेणार नाही, म्हणून बसायचेही नाही.

मी तेथल्या तेथे ‘आळशी’ हा शब्द खोडला आणि ‘कामाविना’ असे लिहिले. पण त्या दिवसापासून एक विचार मनातून जाईना. ग्रीक शिकलेल्या मला जो अर्थ दिसला नाही, तो त्या बाईला एका क्षणात का दिसला? कारण ती त्या बाजारात उभी राहिलेली होती, आणि मी नेहमी धन्याच्या बाजूने बाजाराकडे पाहत आलो होतो.

दोन शास्त्रभाग, दोन प्रकारची माणसे

काम नसलेल्या माणसाविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये एकच शास्त्रभाग प्रामुख्याने वापरला जातो, तो म्हणजे २ थेस्सलनीकाकरांस ३:१०. काम न करणाऱ्याने खाऊही नये, असा त्याचा सारांश आपण सांगतो. परंतु मूळ वचनात एक क्रियापद आहे आणि सारांश सांगताना आपण नेमके तेच गाळतो. ते आहे ‘थेलो’, म्हणजे इच्छिणे. ज्याची काम करण्याची इच्छाच नाही, त्याच्याविषयी पौल बोलत आहे. थेस्सलनीकातील काही जण काम टाकून, नको त्या उठाठेवी करत, इतरांच्या भाकरीवर जगत होते. पौलाने स्वतः रात्रंदिवस हातांनी कष्ट करून त्यांच्यापुढे कित्ता ठेवला होता. अशा लोकांना त्याने कडक शब्दांत बजावले, हे उचितच झाले.

पण प्रभूच्या दृष्टांतातील माणसे निराळी आहेत. त्यांची इच्छा आहे. ती पहाटेपासून उभी आहेत, किंवा निदान धन्याच्या प्रश्नावरून तसे दिसते. त्यांच्या उत्तरावर धनी शंका घेत नाही, त्यांची चौकशी करत नाही, त्यांना उपदेशही करत नाही. तो त्यांचे उत्तर खरे मानतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो.

प्रिय वाचकहो, एका प्रकारच्या माणसांसाठी दिलेले वचन आपण दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर फेकत आलो आहोत की काय, याचा आपण प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील कितीतरी जण पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. चाळीच्या ओट्यावर दिवसभर बसलेल्या त्या माणसांना शेजारीपाजारी काय म्हणत असत, ते गिरणगावात वाढलेल्यांना आठवत असेल. त्यांच्याबरोबर आणखी कोणाचे काम गेले, याची मात्र फारशी कोणी नोंद घेतली नाही. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळी स्त्रिया चालवत असत. गिरण्या थांबल्या, तेव्हा त्यांच्या चुलीही थंड पडल्या. आणि त्या स्त्रियांना ‘बेकार झाल्या’ असे कोणी म्हटले नाही, कारण त्या काम करत होत्या असेच मुळी कोणी मोजले नव्हते.

आजचा बाजार

आता आपल्या देशाच्या आजच्या बाजाराकडे वळू या. जी व्यक्ती काम करते किंवा काम शोधते, ती श्रमशक्तीत मोजली जाते. जिने शोधणे सोडले, ती त्या गणनेतून बाहेर पडते. ती बेकारांतही मोजली जात नाही. आपल्या देशात पंधरा वर्षांवरील स्त्रियांच्या बाबतीत काय घडले, ते सरकारी पाहण्यांतून दिसते. २००४-०५ मध्ये दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४३ श्रमशक्तीत होत्या. २०११-१२ मध्ये त्या ३१ उरल्या. २०१७-१८ मध्ये केवळ २३. ज्या काळात देशाचे उत्पन्न झपाट्याने वाढले, नवे रस्ते झाले, मुली पूर्वीपेक्षा अधिक शिकल्या, त्याच काळात कामावर जाणाऱ्या स्त्रियांची संख्या अशी ओसरत गेली.

त्यानंतर हा आकडा पुन्हा वाढला आहे, आणि तेही सांगितले पाहिजे. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ४२ वर आला. पुरुषांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे ७९ होते. परंतु ही वाढ बहुतांशी ग्रामीण भागातील आहे. शहरांत त्याही वर्षी शंभरांत २८ स्त्रियाच श्रमशक्तीत होत्या. आणि त्या वर्षी काम करणाऱ्या म्हणून मोजल्या गेलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस म्हणून राबत होत्या. म्हणजे त्या मळ्यात तर गेल्या, पण संध्याकाळी दीनार त्यांच्या हातावर पडला नाही.

या उताराची कारणे अनेक आहेत आणि सगळीच वाईट नाहीत. मुली अधिक वर्षे शाळा-कॉलेजात राहिल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. शेतीत यंत्रे आली आणि खुरपणी-मळणीचे काम कमी झाले. गावाजवळ दुसरे काम निर्माण झाले नाही. जे झाले ते दूर शहरात, आणि तिथवरचा प्रवास, तिथली सुरक्षितता, तिथले राहणे यांची खात्री कोणी दिली नाही. घरात थोडी सुबत्ता आली की सुनेने बाहेर काम न करणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. समाज शेतीकडून कारखान्यांकडे वळतो तेव्हा स्त्रिया आधी कामातून मागे सरतात, आणि पुढे शिक्षण व सोयीची कामे वाढली की परत येतात, असे त्यांनी दोन शतकांच्या नोंदी तपासून दाखवले. पण परत येण्याची ही वाट आपोआप तयार होत नाही. ती कोणीतरी घालावी लागते.

आणि सर्वांत जवळचे कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. जिच्या दिवसातले जवळजवळ पाच तास असे आधीच ठरून गेले आहेत, तिने धन्याची हाक ऐकावी तरी कशी?

समाजावर होणारा परिणाम

कोणी म्हणेल, “स्त्रिया घरी राहिल्या तर बिघडले काय? घरही सांभाळावे लागतेच ना?” घर सांभाळणे हे कामच आहे, आणि मोठे काम आहे, हे मी आधीच मान्य करतो. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री पहाटे उठून घरच्यांचे अन्न पाहते. पण तीच स्त्री विचारपूर्वक शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे विकते आणि व्यापाऱ्यांशी व्यवहार करते. आणि अध्यायाच्या शेवटी तिच्या हातांचे फळ तिला द्यावे असे सांगितले आहे. लुदिया जांभळी वस्त्रे विकत असे. प्रिस्किल्ला आपल्या पतीबरोबर आणि पौलाबरोबर तंबू तयार करीत असे. शास्त्राने यांपैकी कोणालाही त्याबद्दल दोष दिलेला नाही. प्रश्न घर की नोकरी असा नाही. जिला जायचे आहे तिला वाट मोकळी आहे का, आणि जी घरी राबते तिच्या श्रमाला आपण श्रम म्हणतो का, असा प्रश्न आहे.

ती वाट बंद राहिली की त्याचा भार साऱ्या समाजावर पडतो. एकाच्याच कमाईवर उभे असलेले घर त्या एकाच्या आजाराने, अपघाताने किंवा व्यसनाने कोसळते. ज्या स्त्रीच्या नावावर कधीच वेतन नव्हते, तिच्या वार्धक्यात निवृत्तिवेतनही नसते, आणि वैधव्यात तिला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. आपल्या मंडळ्यांच्या साहाय्य निधीकडे कोण येते, ते पाळक आणि खजिनदार जाणतात. आई शिकूनही घरी बसली आहे हे मुलगी पाहते, आणि शिकण्याचा उपयोग काय, हा प्रश्न तिच्या मनात मुळे धरतो. देशाच्या बाबतीत बोलावयाचे तर २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने असा अंदाज वर्तवला होता की, वीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या लोकांचे प्रमाण २०४१ च्या सुमारास सर्वाधिक असेल. त्यानंतर वृद्ध वाढत जातील आणि कमावते कमी होत जातील. दिवस मावळण्याआधी जे हात मळ्यात पोचायला हवेत, ते अजून बाजारातच आहेत.

पण याहून खोल असा एक परिणाम आहे, आणि तो कुठल्याही पाहणीत उतरत नाही. उत्पत्ती २:१५ मध्ये देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. हे पतनाच्या आधीचे आहे. काम हा शाप नाही. पापानंतर कामात घाम आणि काटे आले, काम त्याच्या आधीपासून आहे. तेथे मशागतीसाठी जो इब्री शब्द आहे, ‘आबाद’, तोच शब्द शास्त्रात पुढे देवाची सेवा, देवाची उपासना यासाठी येतो. भाषांतर करताना एका ठिकाणी ‘मशागत’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सेवा’ असे दोन शब्द आम्हांला घ्यावे लागतात, आणि त्यामुळे मराठी वाचकाला त्यांच्यातील नाते दिसत नाही. ज्याच्या हातून काम काढून घेतले, त्याची उपासनाही आपण थोडी कमी केली. माणसाला वेतनावरून किंमत येत नाही, ती देवाच्या प्रतिमेवरून येते, हे खरे आहे. पण त्या प्रतिमेला घडवण्याची, राखण्याची, देण्याची इच्छा असते, आणि ती वर्षानुवर्षे अडवून धरली की माणूस आतून खंगतो.

माझ्या दारातील प्रसंग

हे सर्व मी लेखणीने लिहितो आहे. आता माझ्या घरातील गोष्ट सांगणे मला भाग आहे, नाहीतर हा उपदेश खोटा ठरेल.

त्या खेड्यातून परत येऊन काही महिने झाले होते. एका दुपारी सरकारी पाहणीसाठी एक तरुण आमच्या दारात आला. घरात किती माणसे, कोणाचे शिक्षण किती, कोण काय करते, असे तो विचारत होता. माझ्याविषयी मी सविस्तर सांगितले. मग त्याने पत्नीविषयी विचारले. मी म्हणालो, “ती काही करत नाही, घरीच असते.” त्याने मान डोलावली आणि एक आकडा लिहिला. केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी त्या पाहणीत ९२ हा सांकेतिक आकडा आहे, आणि घरकामाबरोबर सरपण-चारा गोळा करणे, घरापुरते शिवणकाम करणे असे काही करणाऱ्यांसाठी ९३. या दोन्ही आकड्यांतील स्त्रिया श्रमशक्तीच्या बाहेर धरल्या जातात.

माझी पत्नी चहाचे कप घेऊन दारातच उभी होती.

ती मराठी घेऊन एम. ए., बी. एड. झालेली आहे. लग्नाआधी आणि लग्नानंतर काही वर्षे ती हायस्कूलमध्ये शिकवत असे. मुलगी झाली, मग माझ्या कामासाठी आम्ही गाव बदलले. नव्या गावात तिला एका शाळेचे नेमणूक-पत्र आले होते, पण त्याच वर्षी मी पुन्हा बदली स्वीकारली. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक भाषांतराचा मसुदा तिने मोठ्याने वाचून तपासला आहे. कुठल्या वाक्यात श्वास अडतो, कुठला शब्द पुस्तकी वाटतो, हे ती सांगत आली. माझ्या कामाच्या नोंदवहीत तिचे नाव कुठेही नाही.

रात्री मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुम्ही खोटं काही नाही सांगितलंत. पगार नाही त्याला लोक काही नाहीच म्हणतात.” थोड्या वेळाने म्हणाली, “मुलगी मोठी झाल्यावर एकदा तरी कोणी विचारायला हवं होतं, पुन्हा शिकवायचंय का म्हणून. तुम्हीसुद्धा नाही विचारलंत.”

बंधुभगिनींनो, दुसऱ्यांच्या बाजारात जाऊन मी शब्द दुरुस्त करून आलो होतो, आणि माझ्या घरात वीस वर्षे कोणीतरी अकराव्या तासापर्यंत उभे होते. धन्याने बाजारात निदान प्रश्न तरी विचारला. मी तोही विचारला नव्हता.

बाहेर पडणारा धनी

दृष्टांतातील धन्याकडे पुन्हा पाहू या. त्याचा कारभारी आहे. संध्याकाळी वेतन वाटण्यास तो त्यालाच सांगतो. मग कामकरी आणण्यासही त्याला पाठवता आले असते. पण धनी स्वतः जातो. पहाटे जातो, तिसऱ्या तासाला जातो, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासालाही जातो. एका दिवसात पाच वेळा. तो स्वतः पाहतो, विचारतो, ऐकतो आणि पाठवतो. आणि वेतन देताना एका तासाचा हिशोब करत नाही. एक दीनार ही त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी होती, त्यावर घर एक दिवस जेवत असे. तासाभराच्या मजुरीत मुलांचे पोट भरत नाही, हे धन्याला ठाऊक आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीला असे बाहेर पडलेले एक उदाहरण देवाने दिलेले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी त्यांना नुसता आसरा दिला नाही. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्यांच्या हातांना दिली. रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून मराठी बायबल तयार केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवणारे आणि पाने छापणारे हात तेथल्याच स्त्रियांचे होते. ज्यांना समाजाने ओझे म्हणून टाकून दिले, त्यांच्याच हातांनी शास्त्र छापले गेले. त्याच क्षेत्रातील एक साधा कामकरी म्हणून मी हे लिहिताना नतमस्तक होतो.

मग आपण काय करावे? तुम्ही पुण्याला असा, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला किंवा दिल्लीला असा, पुढील गोष्टी लहानात लहान मंडळीलाही शक्य आहेत.

पहिली गोष्ट, विचारा. मंडळीच्या नोंदवहीत ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. बहुतेक स्त्रियांपुढे तो कोरा असतो किंवा तेथे ‘गृहिणी’ असे लिहिलेले असते. पाळकांनी व वडीलजनांनी घरभेटीच्या वेळी प्रत्येक बहिणीला, आणि काम सुटलेल्या प्रत्येक भावालाही, एक प्रश्न विचारावा : तुम्हांला काय येते, आणि काय करावेसे वाटते? उत्तर ऐकताना शंका घेऊ नये.

दुसरी गोष्ट, दारे उघडा. आपली सभागृहे आठवड्यातील सहा दिवस कुलूपबंद असतात. तेथे पाळणाघर चालू शकते. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, अशी दुरुस्ती २०१७ मध्ये कायद्यात झाली. पण बहुतेक आया जिथे राबतात, त्या शेतांवर, बांधकामांवर आणि परक्यांच्या स्वयंपाकघरांत ती पोचत नाही. मंडळी पोचू शकते.

तिसरी गोष्ट, वेतन द्या. शब्बाथ शाळा, भजनाचा सराव, घरभेटी, सणांचे जेवण, हे सारे आपल्या बहिणी ‘सेवा’ म्हणून करतात. स्वेच्छेची सेवा धन्यच आहे. पण जे काम पुरुषाने केले असता आपण मानधन देतो, तेच स्त्रीने केले की तिला फक्त धन्यवाद द्यायचे, हा न्याय नव्हे. आपल्या शाळा, दवाखाने आणि संस्था यांनीही, मुलांसाठी दहा वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीच्या अर्जाकडे ‘खंड पडला’ म्हणून पाहू नये. शेवटच्यापासून वाटप सुरू करणारा धनी त्यांचाही धनी आहे.

चौथी गोष्ट पुरुषांसाठी आहे. २८९ आणि ८८ या दोन आकड्यांमधील अंतर कुठलाही कायदा भरून काढणार नाही. ते आपल्याला घरातच भरून काढायचे आहे. ज्या प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या अनुयायाला भांडी घासण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

गेल्या जूनपासून माझी पत्नी आमच्या चर्चच्या सभागृहात वस्तीतील मुलांना रोज संध्याकाळी दोन तास मराठी शिकवते. मंडळी तिला दरमहा मानधन देते. रक्कम लहान आहे. पहिल्या महिन्याचे पाकीट तिने दोन दिवस उघडलेच नाही, देवघराच्या फळीवर बायबलशेजारी ठेवले होते. संध्याकाळचा स्वयंपाक आता मी करतो. पोळ्या अजून गोल होत नाहीत.

वीस वर्षे परत आली नाहीत, येणारही नाहीत. अकराव्या तासाला बोलावलेल्यांना पूर्ण दीनार मिळाला, तरी बाजारात गेलेला त्यांचा दिवस कोणी परत दिला नाही. म्हणून धनी पुन्हा पुन्हा बाहेर गेला, आणि म्हणून आपणही आजच गेले पाहिजे. तुमच्या घरात, तुमच्या आळीत, तुमच्या मंडळीत सकाळपासून कोण उभे आहे? जाऊन विचारा.

प्रार्थना

हे प्रभू, तू सुताराच्या घरी वाढलास आणि आपल्या हातांनी काम केलेस. ज्यांना कोणी कामाला घेतले नाही, त्यांना आम्ही आळशी म्हटले, याची आम्हांला क्षमा कर. ज्यांचे श्रम आम्ही रोज खाल्ले आणि ज्यांना काही करत नाही असे म्हटले, त्यांच्यापुढे आम्हांला नम्र कर. दिवस मावळण्याआधी आम्हांला तुझ्याबरोबर बाजारात ने, विचारण्याचे धैर्य दे आणि ऐकण्याचे कान दे. तुझ्या मळ्यात कोणाचेही हात रिकामे राहू नयेत, ही तुझीच इच्छा आमच्या हातून पूर्ण होवो. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.